टेक चालू आहे

मी या घरातला सिंथेसायझर. नीलाआजी मला 'ती प्लास्टिकची पेटी' म्हणतात, पण मला त्याचा राग येत नाही. पेटीला निदान स्वतःचा एक आवाज असतो. माझ्या पोटात बासरी, सतार, ढोलक, देवळातल्या घंटा असे शेकडो आवाज आहेत आणि त्यातला एकही माझा नाही. बटण दाबेल त्याच्या मनासारखं वाजायचं. दिल्लीत असं वागणाऱ्याला नावं ठेवत नाहीत, बढती देतात.

जन्म परदेशातल्या कुठल्याशा कारखान्यातला. डोळे उघडले ते मात्र दिल्लीच्या मुनिरका भागातल्या एका भाड्याच्या खोलीत, थर्माकोलच्या चुऱ्यात. पहिला मालक शार्दूल, पीएचडीचा विद्यार्थी. त्याला प्रबंध सोडून बाकी सगळं करायचं होतं. नोकरी लागली तसा त्याने माझा फोटो इंटरनेटवर टाकला आणि खाली लिहिलं, 'फारसा वापरलेला नाही'. हे प्रबंधाबद्दलही लिहिता आलं असतं.

असा मी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो, अश्लेषाकडे. तिचा नवरा प्रतीक केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला मला जोडलं गेलं. मी वाजायचं आणि कॉम्प्युटरने लक्षात ठेवायचं, अशी आमची वाटणी.

मला उगाच आणलं नव्हतं. तिचा मुलगा निहार अडीच वर्षांचा होऊन गेला तरी बोलत नव्हता. हसायचा, बोट दाखवायचा, हवं तिथे ओढत न्यायचा, पण शब्द म्हणून नाही. डॉक्टरीणबाईंनी कान तपासले, आणखीही काय काय तपासलं आणि म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. काही मुलं वेळ घेतात. तुम्ही फक्त त्याच्याशी भरपूर बोला."

दुसरी एखादी आई घरी येऊन बोलत सुटली असती. अश्लेषा शिकलेली. तिला आधी प्रश्न पडला की आपण जे बोलतो ते बोलण्याच्या लायकीचं आहे का? वाक्यागणिक 'अच्छा', दोन वाक्यांमागे 'यार'. मूल कुठली भाषा उचलणार? इंटरनेटवरची मराठी बालगीतं लावून पाहिली, तर एका गाण्यातली गायसुद्धा इंग्रजी उच्चारात हंबरत होती. मग तिने ठरवलं, मुलासाठी गाणी आपणच रचायची, आपणच वाजवायची, गायची आणि घरीच नीट रेकॉर्ड करायची. रोज तीच ऐकवली की बोलेल. डॉक्टरीणबाईंनी दोन शब्दांत सांगितलेल्या उपायाचा तिने असा प्रकल्प केला.

घरी रेकॉर्डिंग करणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. माइक भोळा असतो, येईल तो आवाज घरात घेतो. म्हणून ऐन मे महिन्यात दिवाणातल्या रजया बाहेर निघाल्या आणि खिडक्या-दारांवर टांगल्या गेल्या. कूलर बंद, पंखा बंद. एकदा फ्रिजही बंद केला आणि चालू करायचा राहिला, तेव्हा दूध नासलं.

सुट्टीत राहायला आलेल्या नीलाआजी, म्हणजे प्रतीकची आई, दारातच थबकल्या. "अगं, रजयांना ऊन दाखवतेयस की आम्हाला शिजवतेयस?"

"आई, फक्त एक टेक. झालंच."

एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगला टेक म्हणतात. आणि ते 'झालंच' कधीच होत नसे. कधी भाजीवाल्याचा भोंगा, कधी शेजारच्यांचा कुकर. आणि कधी निहार.

निहार टेबलाखाली माझ्या पेडलजवळ बसलेला असे. कावळ्याचं गाणं सुरू झालं की तो मान डोलवायचा आणि त्याच्या घशातून काहीतरी फुटायला लागायचं, "का... काऽ..." की लगेच वरून अश्लेषाचं बोट ओठांवर. "श्श! टेक चालू आहे ना, राजा?" मग ती माइकशेजारचा लाल दिवा दाखवायची. लाल दिवा म्हणजे गप्प. निहार हुशार, दोन-चार दिवसांत शिकला. पुढे तर दिवा लागायच्या आधीच तो तोंड मिटून बसायला लागला.

"किती शहाणं माझं बाळ! चूं नाही करत," दुपारी ती त्याचा मुका घेऊन म्हणायची.

आणि संध्याकाळी प्रतीक ऑफिसातून आला की त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, "प्रतीक, अजून एक शब्द नाही रे. माझंच काहीतरी चुकतंय."

"अगं, मीही उशिरा बोललो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"आईच. आणि आता तरी कुठे बोलतो? तुम्ही दोघी बोलू देता का?"

ती हसायची नाही. हेडफोन चढवून पुन्हा कावळ्याच्या गाण्यातला दुसरा सूर घासत बसायची. तिच्या कानात तिचंच गाणं, आणि मूल तिच्या पायाशी. मला दोन्ही दिसायचं. पण मला कोण विचारतो? मी दाबल्याशिवाय बोलत नाही.

मग तो शनिवार आला. कावळ्याचं गाणं शेवटच्या ओळीवर होतं आणि पहिल्यांदाच सगळं जमून आलं होतं. भोंगा नाही, कुकर नाही. एवढ्यात रजई बाजूला सारून नीलाआजी आत आल्या. "अगं अश्लेषा, दही विरजलंस का?"

टेबलाखालून निहार बाहेर आला. ओठांवर बोट ठेवून, डोळे वटारून म्हणाला, "आजी, श्श! टेक चालू आहे."

अश्लेषाची बोटं माझ्यावर जिथे होती तिथेच राहिली. एक सूर नुसताच लांबत गेला.

आजींनी पदर तोंडाला लावला. "पहिलं वाक्य, आणि तेही मला दटावायला! अगदी आजोबांवर गेलंय कार्टं."

अश्लेषा हेडफोन फेकून खाली बसली. "निहार, काय म्हणालास? परत म्हण ना. बोल, राजा. बोल ना रे!"

तो बोलेना. तिच्याकडे बघेना. तो तिच्या खांद्यावरून वर कुठेतरी बघत होता. तिने वळून पाहिलं. लाल दिवा अजून जळत होता.

तिने हात लांबवून रेकॉर्डिंग बंद केलं. दिवा विझला. त्याने एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा आईकडे.

"आता बोलू?"



डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, तो तसाही बोललाच असता, त्याची वेळ आली होती. अश्लेषाला ते पटत नाही आणि पूर्ण खोटंही वाटत नाही. आपण त्याला गप्प केलं की आपल्यामुळेच तो बोलला, हा खटला तिच्या मनात चालूच आहे. दोन्ही बाजूंची वकील तीच.

गाणी अर्धीच राहिली. माझ्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवतात. निहार उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतो. "आई, वो देखो, कावळा पानी पी रहा आहे!" हे ऐकून परवा तिचा चेहरा पडला. अर्धं हिंदी झालं म्हणे! तिने कपड्यांच्या घडीखालून माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या पट्ट्या गार पडल्या.

वाचकहो, तुमची तिची ओळख असेल तर माझा एवढा निरोप द्या. बाई, मुलाचं मराठी सुधारायला मला पुन्हा जोडू नकोस. तो काय सांगतोय ते आधी पुरतं ऐकून घे. आत्ता, मी हे बोलतोय तेव्हा, तो कपडे बाजूला सारून माझ्या सगळ्या पट्ट्यांवर कोपरं टेकवून तिला एका मुंगीची लांबलचक हकिकत सांगतोय. मुंगी कुठे निघाली होती ते अजून कळलेलं नाही. अश्लेषा गालावर हात ठेवून विचारतेय, "अच्छा? मग?"