मॉरिशसचा जागेवाला

बांबूला हिरवा रंग मारून उभा केलेला ऊस.

चहात बुडवून जुनं केलेलं धोतर.

काळ्या वाटाण्याचं सांबारं, प्रेमाच्या डब्यात.

दिंडोशीच्या नव्या इमारतीचा पाचवा मजला, अजून हवेत.

एक वाक्य.

वाक्य प्रेमाच्या नवऱ्याला, लवूला मिळालं होतं. गिरणी बंद पडल्यापासून तो सिनेमांच्या गर्दीत उभा राहत आला होता. वऱ्हाडी, मोर्चेवाला, दोनदा प्रेत. तोंड उघडायला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज गोरेगावच्या सेटवर मॉरिशस होतं. बोटीने गेलेल्या कोकणी मजुरांना उसाच्या मळ्यात आयुष्य घालवल्यावर जमिनीचा पहिला तुकडा मिळतो, असा प्रसंग. म्हातारा मजूर नारळ फोडतो आणि म्हणतो, "ही माती आता आपली."

"अडखळलास तर मी आहेच," गर्दीतला शिवदास म्हणाला. "माझं पाठ आहे."

"तू? काल मेलेला असताना शिंकलास."

टेक एक.

नारळ हातात आला आणि लवू थबकला. नवी जागा. तिथल्या जागेवाल्याला, त्या जमिनीच्या राखणदाराला न विचारता नारळ फोडायचा? घरात असं कुणी केलं नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा जागेवाल्या म्हाराजा! आज तुझी लेकरां हयसर जमली हत..."

"होय म्हाराजा!" गर्दी ओरडली. सगळे मालवण-कणकवलीकडचे. सांगावं लागलं नाही.

"बिल्डराक बुद्धी दी, पाचव्या मजल्यावरची खोली गणपतीच्या आधी ताब्यात दी, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला.

"कट!" दिग्दर्शिका उत्तरा हसून हसून खुर्चीतून उठली. "लवूकाका, झकास! पण त्या काळात पाचवा मजला कुठला हो? हेच परत करा. फक्त बिल्डर काढा."

"परत नाय होणार, मॅडम."

"का?"

"मागून झालं ना. तेच परत मागितलं तर तो म्हणेल, माझ्यावर भरवसा नाय काय तुझा?"

उत्तराने वर पाहिलं. ऊन उतरत होतं. "मग वाक्य शिवदासना देऊ?"

शिवदासने धोतर सावरलं. लवू फुटक्या नारळाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनी एक वाक्य, तेही हातचं चाललं.

"अहो," मजुरणींच्या गर्दीतून प्रेमा म्हणाली, "तुमचा मागून झाला ना? मगे आता त्येंचा मागा."

"कोणाचा?"

"बोटीन गेले त्येंचा. त्येंच्यासाठी कोणी मागला?"

लवूने दुसरा नारळ मागितला.

टेक दोन.

"बा जागेवाल्या म्हाराजा! ही लेकरां गाव सोडून, दर्या ओलांडून तुझ्या दारात इली हत. तुझी भाषा त्येंका येणा नाय. तुका त्येंची नावां म्हायत नाय. तरी पदरात घे. हयसर त्येंची चूल पेटांदे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा." या वेळी कुणी ओरडलं नाही. शिवदासही हळूच म्हणाला.

नारळ फुटला. लवूने डोळे उघडले. "ही माती आता आपली."

कट म्हणायला उत्तराला उशीर झाला. "घेतलं," ती म्हणाली.

"वाक्य जरा घाईत म्हटलंस," शिवदास म्हणाला.

"गप रे. खोबरं खा."

प्रेमाने दोन्ही नारळांचे तुकडे करून लाइटवाल्यांपर्यंत सगळ्यांना वाटले.

सेटवरची माती आदल्या आठवड्यात ट्रकने कुडाळहून आली होती.