नाशकर्त्या दूताचा चेहरा

त्या काच रंगवणाऱ्याने आजवर चर्चच्या खिडक्यांसाठी शंभरेक देवदूत रंगवले असतील, आणि सगळ्यांचा चेहरा एकच होता. फुगरे गाल, निमुळती हनुवटी आणि नुकतीच काहीतरी खोडी करून आल्यासारखे डोळे. चेहरा त्याच्या मुलीचा. तिला घरात ठकी म्हणत. ती पाच वर्षांची असल्यापासून तिला स्टुलावर बसवून तो काचेवर रेघा ओढायचा. पुढे बसवायचीही गरज उरली नाही, हात आपोआप वळायचा. फादर एकदा थट्टेने म्हणाले होते, "तुमच्या सगळ्या देवदूतांची आई एकच दिसते."

"आहेच की," तो म्हणाला, "आमची ही आत काचा जोडायच्या शिशाच्या पट्ट्या कापत बसलीय."

ठकी जाऊन दोन वर्षं झाली. साथीचा ताप. संध्याकाळी तिचं अंग भाजत होतं, बायको म्हणाली दवाखान्यात नेऊ या, आणि हा म्हणाला, "सकाळी बघू." सकाळी फार उशीर झाला होता. त्या दोन शब्दांवरून बायको त्याला कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटे.

यंदा वादळात चर्चची मोठी खिडकी फुटली. तिच्यात दावीद राजाची गोष्ट होती. राजाने गर्वाने प्रजेची शिरगणती केली, देवाने मरी पाठवली, सत्तर हजार माणसं गेली आणि उपसलेली तलवार घेऊन नाशकर्ता दूत यरुशलेमवर उभा राहिला. बाकीच्या काचा जुळल्या, दूताच्या चेहऱ्याचा मात्र चुरा झाला होता.

"जरा उग्र येऊ द्या," फादर म्हणाले.

त्याने काच कापली, काळा रंग खलला, रेघा ओढल्या, भट्टीत भाजून काच बाहेर काढली. ठकी. भुवया आवळलेल्या, पण ठकीच. दुसऱ्यांदा तेच. तिसरी काच बायकोने भट्टीतून काढली आणि ती बघतच राहिली.

"अहो, तिच्या हातात तलवार देताय?"

"मुद्दाम नाही गं. हाताला दुसरा चेहराच येत नाही."

तिने ती काच फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. "कोणाचाही काढा," म्हणाली. "तिचा नको."

दुसऱ्या दिवशी त्याने दाढीचा आरसा टेबलावर आणून ठेवला.

खिडकी बसली तेव्हा फादर खूश झाले. छान कठोर चेहरा आलाय म्हणाले. कोणाचा, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्यासमोर हा कायम हसतमुख असायचा. ते गेल्यावर बायको खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"हे तुम्ही आहात."

"हो."

"मी कधी बोलले तुम्हाला?"

"नाही."

"तोंडाने नाही बोलले. मनात रोज बोलत होते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

ती पुन्हा वर बघू लागली. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या दूताला देवाने पाठवलं होतं हो, मारायला. तुम्ही त्या संध्याकाळी नुसते दमला होतात. दिवसभर भट्टीपाशी उभे होतात."

तो बाकावर बसला. ती शेजारी बसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघं एकत्र रडली.