बर्फावरचा मी आणि मालिनी

मी एक जुना कॅमेरा आहे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, एका घरातल्या फडताळात मी असतो. माझं शटर आता उघडत नाही. मित्रांनो, ते कसं बंद पडलं, ते तुम्हाला सांगतो.

माझी मालकीण मालिनी. कारच्या कारखान्यात ती वेल्डिंगच्या ठिणग्यांचे फोटो काढायची, शनिवारी एखाद्या लग्नात नवरीचे, तर रविवारी तळ्याकाठच्या पक्ष्यांचे. नवजात बाळं, आइस हॉकी, म्हाताऱ्यांचे चेहरे, काहीच तिला वर्ज्य नव्हतं. लोक कौतुक करत. पण ॲन आर्बरला तिच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणारे राजीवकाका वैतागले होते. "मालिनी, तुझी नेमकी लाइन कोणती? बर्ड्स की वेडिंग्ज? एक काहीतरी सिलेक्ट कर, नाहीतर लोक कन्फ्यूज होतील."

मालिनीने अखेर पक्षी निवडले. एका हिमघुबडाचा फोटो तेवढा हवा होता. म्हणून जानेवारीत एका सकाळी ती मला घेऊन गोठलेल्या तळ्यावर आली. तिचा नवरा सत्यजित काठावर गाडीपाशी थांबला.

घुबड दिसलं. मालिनीने मला तिवईवर, म्हणजे ट्रायपॉडवर चढवलं. मी श्वास रोखून होतो म्हणा ना! इतक्यात माझ्या लांब भिंगाच्या कडेला काहीतरी हललं. दूर बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेला एक म्हातारा एकाएकी दिसेनासा झाला होता. बर्फ फुटला होता. काळ्या पाण्यातून फक्त त्याचे हात आणि डोकं वर होतं.

"सत्यजित, नाइन वन वन लाव! माणूस पडलाय पाण्यात!"

"कॉल केला! तू मागे ये, मालिनी! मदत येतेय!"

"तोवर तो टिकणार नाही रे!"

तिने मला तिवईवरून काढून बर्फावर ठेवलं, तिवईचे पाय पूर्ण लांब केले आणि पोटावर सरपटत निघाली. माझ्याखालून कडकड आवाज येत होता. एक भेग माझ्या अगदी जवळून गेली आणि तिच्यातून पाणी वर आलं. ते माझ्यात शिरत होतं, पण मला काळजी वाटत होती ती मालिनीची.

म्हाताऱ्याचे डोळे मिटू लागले होते. तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला. घाबरलेल्या नवरीशी, रडक्या बाळाशी ती ज्या आवाजात बोलायची, अगदी तोच. "लुक ॲट मी. फक्त माझ्याकडे बघा. छान. आता हे धरा."

त्याने तिवई धरली. तिच्या कोपराखालचा बर्फ खचला, एक हात पाण्यात गेला, तरी दुसऱ्या हाताची पकड तिने सोडली नाही. दोर घेऊन अग्निशामक दलाचे जवान पोचले आणि त्यांनी दोघांनाही ओढून काढलं. सत्यजितने तिला घोंगडीत गुंडाळलं. एका जवानाने मलाही उचलून आणलं, पण माझं शटर कायमचं बंद पडलं होतं.

बातमी कळताच राजीवकाकांचा फोन आला. "अगं, त्या रेस्क्यूचा फोटो असेलच ना?"

"नाही काका. हात मोकळे नव्हते. आणि ऐका, मी सगळ्या प्रकारचे फोटो लावणार आहे. चालत नसेल तर कॅन्सल करा."

काका म्हणाले, "भिंत मोठी लागेल."

प्रदर्शनात मलाही एका काचेच्या पेटीत ठेवलं होतं. तो म्हातारा, टॉम, काठी टेकत आला. वेल्डरच्या फोटोपुढे थांबला, बाळाच्या मुठीपुढे थांबला, लग्नात डोळे पुसणाऱ्या बापापुढे तर खूपच वेळ थांबला. मग त्याने सत्यजितला विचारलं, "हे सगळे एकाच व्यक्तीने काढलेत?"

"हो," सत्यजित म्हणाला, "माझ्या बायकोने."

मला कुणी दुरुस्त करू शकलं नाही. मालिनीकडे आता नवा कॅमेरा आहे. तरी ती मला आठवणीने पुसते. मित्रांनो, वस्तू जपा, हे मी सांगेनच. पण कुणाचाही फोटो बघताना बोटाने घाईघाईत पुढे सरकवू नका. क्षणभर थांबा. तो काढणारं माणूस फोटोत कधीच दिसत नाही. त्याची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते.