माहेरचे रक्त

माझा मेहुणा वेणीमाधव पंचवटीत तीर्थोपाध्याय आहे. परगावचा यजमान दारात उभा राहिला, की त्याच्या खापरपणजोबापर्यंतची नावे वेणीमाधव श्वास न घेता म्हणतो आणि यजमान गहिवरतो. त्या साखळीत सगळे पुरुषच असतात. पुरुषांना मुले परस्पर होत असावीत, असे ती ऐकताना वाटते.

माझ्या धाकट्या बहिणीच्या, चैतालीच्या, खुब्याचा सांधा बदलायचा होता. शस्त्रक्रियेसाठी वेणीमाधवने दसरा निवडला, कारण त्या दिवशी पंचांग पाहावे लागत नाही. शल्यविशारदांनीही मान डोलावली. शिकलेली माणसे अशा वेळी किती नम्र होतात! आदल्या दिवशी मी रुग्णालयात पोहोचले, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टरीणबाई चैतालीला प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरे वेणीमाधव देत होता.

घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, बाळंतपणात किंवा ऑपरेशननंतर कुणी अचानक दगावले का, असे त्यांनी विचारले. आमच्या घराण्यात असले काही नाही, असे सांगून त्याने पुरावाही दिला: त्याचे आजोबा नव्वदीतही स्वतःच्या पायांनी रामकुंडावर स्नानाला जात. हकिकत हृद्य होती. माझ्या बहिणीचा तिच्याशी संबंध इतकाच, की ती त्या आजोबांच्या नातवाशी लग्न करून आली होती. लग्नात तिचे आडनाव बदलले आणि तांदळात अंगठीने लिहून चैतालीची गोदावरीही झाली. तिच्या यकृताला मात्र हे कुणी कळवले नव्हते.

डॉक्टरीणबाई ‘नाही’ असे लिहू लागल्या, तेव्हा मी मध्ये पडले.

“त्यांनी घराणं कुणाचं विचारलंय?”

“तिचंच,” वेणीमाधव म्हणाला. “म्हणजे आमचं.”

मग मी आमच्या इगतपुरीच्या घराबद्दल सांगितले. चैतालीच्या वेळी आईचा एक पाय सुजून खांबासारखा झाला. बाळंतिणीला वारा लागला, असे शेजारणींचे निदान होते. एका सकाळी तिला धाप लागली आणि ती गेली. मावशी गर्भाशय काढल्यावर तशीच गेली. वेणीमाधवने शांतपणे ऐकून घेतले. त्या काळी बायका बाळंतपणात जायच्याच, त्याला आजार काय म्हणायचे, असे त्याचे मत पडले.

डॉक्टरीणबाईंचे तसे मत नव्हते. रक्त नको तिथे गोठू नये म्हणून यकृत काही प्रथिने बनवते. काही कुटुंबांत त्यातले एखादे जन्मतःच कमी असते, आणि आईकडून असो वा वडिलांकडून, मुलाकडे ती उणीव येण्याची शक्यता निम्मी असते. एरवी ती लपून राहते. गरोदरपण, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा सांध्याची मोठी शस्त्रक्रिया अशा वेळी ती उघडी पडते: पायात गुठळी होते आणि तिथून फुप्फुसात जाते. एवढे सांगून त्यांनी वेणीमाधवकडे पाठ केली आणि चैतालीला विचारले, “तुम्ही कुठल्या गोळ्या घेता?”

कुठल्याच नाही, वेणीमाधव म्हणाला. चैतालीने दाराकडे पाहिले. बाहेर बाकावर तिच्या सासूबाई माळ ओढत होत्या.

“पाळी पुढे ढकलायच्या घेते,” ती हळूच म्हणाली. “पितृपक्षात यजमानांचा स्वयंपाक होता, लगेच घट बसले. आज सकाळीही घेतली.”

“ते औषध नाही,” वेणीमाधव म्हणाला. “सोवळ्याची सोय आहे ती.”

डॉक्टरीणबाईंनी उद्याची शस्त्रक्रिया रद्द केली. दसरा वाया जाईल, असे त्याने सुचवून पाहिले. दसरा पुढच्या वर्षीही येतो, असे उत्तर मिळाले.

गोळ्या बंद झाल्या. पुढे रक्ततपासणीत तिचे एक प्रथिन निम्म्यावर निघाले. शस्त्रक्रिया झाली ती अमावास्येला, रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनांच्या बंदोबस्तात, आणि चैताली वॉकर धरून चालू लागली. सासूबाईंनी यशाचे श्रेय सप्तशृंगीला बोललेल्या नवसाला दिले. इंजेक्शनांनी तक्रार केली नाही.

आता लेकीची, यशश्रीची, तपासणी करा, असे डॉक्टरीणबाईंनी सुचवले. ती कॉलेजात शिकते. देवघरातल्या खणातले गोळ्यांचे पाकीट तिच्याही वाट्याला येत असे.

“तिला कशाला?” घरी आल्यावर वेणीमाधव म्हणाला. “ती आमच्या घराण्यातली. शिवाय स्थळं येताहेत.”

चैताली वॉकर सरकवत देवघरात गेली आणि पाकीट घेऊन परत आली.

“अहो, ती माझ्या पोटची आहे,” ती म्हणाली. “उद्या मी तिला घेऊन जातेय. आणि पुढच्या नवरात्रात आमच्यापैकी कुणाची पाळी आली, तर स्वयंपाक तुम्ही करायचा.”

सासूबाईंची माळ थांबली. पाकीट कचऱ्यात गेले.

यशश्रीतही तीच उणीव निघाली. तिची फाइल उघडताना वेणीमाधव हजर होता. डॉक्टरीणबाईंनी आईच्या बाजूचा वंशवृक्ष काढायला घेतला आणि मुलीच्या आजीचे नाव विचारले. शेकडो घराण्यांचे खापरपणजोबा तोंडपाठ असलेला तो माणूस माझ्याकडे वळला.

“ताई, तुमच्या आईचं नाव काय होतं?”

मी सांगितले, सिंधू. त्याला ते लिहून घ्यावे लागले.