दोरकिंडी

गोपालची मुलगी रंजीता आरमोरीला अकरावीत शिकत होती. पावसाळा सरल्यानंतरच्या एका संध्याकाळी तिची गावाकडची शेवटची बस चुकली. तिच्या वर्गातला, पलीकडच्या गावचा विक्की मोटरसायकलवर निघालाच होता. तिनं त्याला हात केला आणि मागे बसून ती घरी आली. वाटेत पेट्रोल भरायला दोघं थांबले, तेव्हा कुणीतरी लांबून फोटो काढला. गावात दिवे लागेपर्यंत तो निम्म्या मोबाईलवर पोचला होता. फोटोखाली एकच शब्द होता : दोरकिंडी.

बाहेरच्या माणसाला हा शब्द कळायचा नाही. त्या गावात तो लहान मुलांचा शब्द. लपाछपीला तिकडे रेसटीप म्हणतात. ज्याच्यावर राज्य असतं तो लपलेल्याला शोधून काढतो आणि ओरडतो, "दोरकिंडी!" आसपासच्या गावांतली मुलं दुसरं काहीबाही ओरडतात, हे फक्त याच गावात. पुढे मुलं मोठी झाली तसा शब्दही त्यांच्याबरोबर शाळेत गेला. कॉपी करताना मास्तरांना सापडला तो दोरकिंडी. मोहाची दारू नेताना पोलिसांच्या हाती लागला तो दोरकिंडी. आणि प्रत्येकाच्या हाती मोबाईल आल्यावर तो शब्द पोरींवर येऊन बसला. एखादी कुणाशी बोलताना दिसली की ती जाताना पानठेल्यावरून हळू आवाजात तो यायचा. मोठ्यानं म्हणायचीही गरज नसायची.

रंजीता दोन दिवस कॉलेजात गेली. तिसऱ्या दिवशी ती बसमधून अर्ध्या वाटेत उतरली आणि चालत परत आली. तिचं तोंड बघून गोपालनं काही विचारलं नाही. त्याला फोटो आधीच कुणीतरी दाखवला होता.

"आता घरीच बस," तो म्हणाला. "परीक्षेले जाजो फक्त."

"बाबा, बस चुकली होती."

"मले माहीत हाय. गावाले कोण सांगन?"

हे बोलणं चालू असताना गोपालची मोठी बहीण कमळा अंगणात धान पाखडत होती. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची. तिनं सूप खाली ठेवलं, पण ती मध्ये बोलली नाही. त्या शब्दाबद्दल बोलायला तिला नेहमीच जड जायचं, कारण तो शब्द गावात तिच्यामुळेच आला होता.

रंजीतानं हे लहानपणी कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या दिवशी चुलीपाशी बसल्यावर तिनं विचारलं, "आत्याबाई, हा शब्द तुयावरून पडला म्हणतात. खरं का?"

"खरं हाय."

"मंग सांगत काऊन नाई कधी?"

"सांगासारखं काय हाय त्याच्यात," कमळा म्हणाली. पण मग तिनं सांगितलं.

ती पाच-सहा वर्षांची होती. धानाचं काम संपलं की गावातल्या बाया मिरची तोडायला तेलंगणाकडे जायच्या, अजूनही जातात. त्या वर्षी तिची आई केसरबाई तिला बरोबर घेऊन गेली. सिरोंच्याला तेव्हा गोदावरीवर पूल नव्हता, नावेतून पलीकडे जावं लागायचं. घाटावर बायांची, बोचक्यांची गर्दी होती. आई नाववाल्याशी भाड्यावरून बोलत होती आणि तेवढ्यात कमळा नाहीशी झाली.

"पळून गेली होती मी," कमळा म्हणाली. "लय खोडकर होती म्हणते. ऊन उतरेपर्यंत सारे शोधत होते. मंग मच्छी मारणाऱ्या ढिवरांनी पकडली अन् आणली. ते त्यांच्या भाषेत ओरडले, ते या बायांनी ऐकलं अन् गावात येऊन सांगितलं. पोरांनी खेळात घेतलं. बस, एवढंच."

"तुले काय आठवते?"

"मच्छीचा वास आठवते. एका बुढ्या माणसाच्या खांद्यावर होती. अन् मायनं मारलेली थापड आठवते." कमळानं लाकूड चुलीत सारलं. "अंगणात पोरं खेळायची ना, दोरकिंडी ओरडायची, तं माय उठून घरात जायची. मले वाटे, माया लाजेनं जाते. पोरगी पळाली अन् पकडली, हे सारं गाव रोज ओरडून सांगते म्हणून."

 रंजीता म्हणाली, "म्हणजे तू बी पकडलेली अन् मी बी."

हे वाक्य कमळाला लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं गोपालला सांगितलं, की पोरीला चार दिवस इथून बाहेर नेते. गावातली एक लेक सिरोंच्याला दिलेली होती, तिच्याकडे उतरू. गोपालला ते बरंच वाटलं. पोरगी नजरेआड असली की गावही दुसरं काही धरेल, असा त्याचा हिशेब असावा. कमळाचा हिशेब तिचा तिलाही नीट माहीत नव्हता. लहानपणानंतर ती कधी तिकडे गेली नव्हती. आईनं नंतर तिला मिरचीला नेलंच नाही, आणि पुढे तिनंही ते टाळलं.

गडचिरोली, आलापल्ली करत एसटीनं सिरोंचा गाठायला दिवस गेला. सागवानाचं जंगल सरता सरत नव्हतं. रंजीतानं मोबाईल पिशवीच्या तळाशी ठेवला होता आणि तो एकदाही काढला नाही. मुक्कामाच्या घरी जेवण झालं, आणि सकाळी दोघी नदीकडे गेल्या.

पूल झाल्यामुळे घाटावर आता गर्दी नव्हती. काही नावा वाळूत ओढून ठेवलेल्या, जाळी वाळत घातलेली. एक म्हातारी मासे विकत बसली होती, राजक्का तिचं नाव. तिच्यापुढे तराजू होता, पण ती मासे सोडून वाळू चाळत होती. तिची नात, सात-आठ वर्षांची, तीही ओणवी होऊन शोधत होती. तराजूचं लहान वजन वाळूत पडलं होतं.

कमळा आणि रंजीता बघत उभ्या राहिल्या. एवढ्यात पोरगी वाळूतून मूठ वर काढून ओरडली, "दोर्किंदी! अव्वा, दोर्किंदी!"

रंजीतानं झटकन मागे बघितलं. तिचा चेहरा उतरला. क्षणभर तिला वाटलं, गावातलं कुणीतरी इथपर्यंत आलंय.

कमळा मात्र त्या पोरीकडेच बघत होती. ती पुढे झाली आणि राजक्कासमोर बसली. "बाई, ही पोरगी आत्ता काय म्हणाली?"

राजक्काला मराठी बऱ्यापैकी येत होती. बाजारात रोजचंच होतं. "काय म्हणाली? वजन दोर्किंदी म्हणाली."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... हरवला होता, गावला. मिळाला. सापडला म्हणते ना तुम्ही?"

"पकडला नाई?"

"पकडायचा शब्द दुसरा हाय. वजनाला कोण पकडते?" राजक्का हसली.

कमळा हसली नाही. तिनं रंजीताला खाली बसायला सांगितलं आणि आपली सगळी गोष्ट त्या अनोळखी बाईला सांगितली. घाट, गर्दी, नाव, म्हातारा माणूस. राजक्काला त्यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ती लग्न होऊन या गावी आली ती पुष्कळ नंतर. पण ऐकता ऐकता तिनं माशांवरच्या माश्या वारायचं थांबवलं.

"आईला काय ऐकू आला होता? पुरा सांग," ती म्हणाली.

कमळा आठवू लागली. मिरचीवाल्या बाया सांगायच्या तसं तिनं म्हणून दाखवलं. "पहिले काठावरून आवाज आला, पाप, पाप. माय तं पाप ऐकूनच खाली बसली म्हणते. तिले वाटलं, काहीतरी अभद्र झालं. मंग दुसरा माणूस ओरडला, मंग तिसरा."

"अय्यो," राजक्का म्हणाली. "पाप म्हणजे आमच्यात लहान पोरगी. पाप दोर्किंदी. पोरगी सापडली." मग तिनं नदीकडे हात केला. "इथं कोण हरवला की सगळे ढिवर काठानं पांगते. ज्याला सापडते तो ओरडते. मग बाजूचा ओरडते, मग त्याच्या बाजूचा. म्हणजे दूर गेलेल्याला पण कळते, आता शोधू नको. पण बाई, जिता असला तरच ओरडते. जिता नसला तर कोणी ओरडत नाही. गप येते."

कमळा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. रंजीतानं आत्याला असं कधी बघितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. राजक्कानं नातीला पाणी आणायला पाठवलं.

थोड्या वेळानं कमळा म्हणाली, "मायले हे कोणी सांगितलंच नाई. तिनं आपल्या मनानंच अर्थ लावला. अन् मी तिच्याकडं पाहून लावला."

"थापड मारली ना," राजक्का म्हणाली. "सापडलेल्यालाच मारते."

रंजीता एवढा वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, "अन् पोरगा हरवला असन तं? तरी असंच?"

"पोरगा असला तर दोर्किंडु."

"म्हणजे पोरासाठी वेगळा शब्द हाय?"

"हाय ना. पोरगा पण हरवते की."

रंजीता आत्याकडे वळली. "आमच्या गावानं तो आणलाच नाई," ती म्हणाली. "फोटोत तं विक्की बी होता. त्याले कोणी काई म्हटलं नाई." हे ती रागानं म्हणाली नाही; तिला ते आत्ताच दिसलं होतं. मग ती हसली. "दोर्किंडू विक्की." तिनं ते पुन्हा म्हणून बघितलं आणि राजक्काच्या नातीनं तिचा उच्चार सुधारला.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. गोपाल बैलांना चारा घालत होता. कमळानं हातपाय धुतले, चहा घेतला आणि त्याच्याजवळ जाऊन सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं. आई गोपालचीही होतीच. त्यानं चाऱ्याची पेंढी हातातच धरून ऐकलं.

"बाई, अर्थ काई बी असो," तो शेवटी म्हणाला. "पानठेल्यावरचे पोट्टे तेच म्हणतीन."

"म्हणू दे. त्यांचं सोड. तू कोणता धरतं ते सांग. ती तुले सापडलेली हाय का पकडलेली?"

गोपालनं हातातली पेंढी बैलांपुढे टाकली. सोमवारी सकाळी रंजीता दप्तर घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यानं तिला अडवलं नाही. तो तिच्यामागून बसथांब्यापर्यंत चालत गेला. पानठेल्यासमोरून जाताना कुणीतरी खाकरलं, आणि तो शब्द आलाच. गोपाल थबकला. काय करावं हे त्याला कळेना. रंजीता म्हणाली, "बाबा, बस येऊन राह्यली," आणि दोघं पुढे गेले. त्या दिवसापासून महिनाभर तो रोज तिच्याबरोबर जात राहिला. नंतर गरज उरली नाही.

शब्द काही सुधारला नाही. कमळानं अंगणात खेळणाऱ्या पोरांना एकदा त्याचा अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती पुन्हा खेळायला लागली, कारण त्यांना अर्थाची अडचण कधी नव्हतीच. मोठ्यांपैकी काही बाया मात्र अजूनही कमळाला विचारतात आणि ती सांगते, आता न लाजता.

रंजीता बारावीला गेली. राजक्काचा नंबर तिनंच आत्याच्या फोनमध्ये घालून दिला होता. अधूनमधून दुपारी राजक्काचा फोन येतो. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, मासे किती आले, धान किती झालं, नात शाळेत जाते की नाही. काही कळतं, काही नाही. कमळा परसात चिंचेच्या सावलीला बसून बोलते, आणि न कळलेला शब्द आला की आता दोनदा विचारते.