बुडबुड्यासकट काढलेली आकृती

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. एकोणीसशे एकाहत्तर साली अंबाल्याच्या कारखान्यातून मी नाशिकच्या एका महाविद्यालयात आलो, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. माझा स्वभाव संशयी आहे. निम्मे विद्यार्थी माझ्यात न डोकावताच पुस्तकातली आकृती वहीत उतरवतात, हे मी रोज पाहत आलो.

खैरनार सरांचाही मला संशय यायचा. इंग्रजीत शिकवताना ते मध्येच दाराकडे बघत आणि आवाज उतरवून मराठीत सांगत, "पोरांनो, भिंगात दिसेल तेच काढा." इतकी चांगली गोष्ट चोरून का सांगायची? शिपाई सहादूमामा हसून म्हणायचे, "कॉलेजच्या मोठ्या सरांनी वर्गात मराठी ऐकली तं बोलणी बसतील ना त्यांना!"

अठ्ठ्याहत्तरची प्रात्यक्षिक परीक्षा आली. माझ्यासमोर कळवणची यशोदा होती. नापास झाली तर घरचे तिचे शिक्षण थांबवणार होते. तिने सूर्यफुलाच्या खोडाचा पातळ काप घेतला, रंगवला, काचेवर ठेवला आणि आकृती काढली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. तिला प्रश्न कळत होते, पण उत्तराचे इंग्रजी शब्द जुळेनात.

"आकृती पाठ करून आलीस ना?" ते इंग्रजीतच म्हणाले. मग आकृतीतल्या एका वर्तुळावर त्यांनी बोट ठेवले. त्याला नाव दिलेले नव्हते. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

यशोदाने पेन्सिल खाली ठेवली. "सर, मराठीत सांगू?"

बाजूला उभ्या खैरनार सरांनी सवयीने दाराकडे पाहिले.

"तो बुडबुडा आहे, सर. वरची काच ठेवताना माझ्याकडून हवा अडकली. खोडात तो नसतो. पण भिंगात दिसला, म्हणून काढला. त्याचं इंग्रजी मला येत नाही."

परीक्षक पहिल्यांदाच माझ्यावर वाकले. हा माणूस फक्त चुका शोधायला आलाय, असे मला वाटत होते. त्यांनी माझा स्क्रू हळूच फिरवला.

"आहे की हो बुडबुडा!" ते चक्क मराठीत म्हणाले. "बरं, त्याच्या शेजारचं हे लाल काय?"

"जलवाहिन्या, सर. मुळांचं पाणी वर नेतात."

पुढचे सगळे प्रश्न मराठीत झाले. यशोदा पास झाली.

आता माझ्या भिंगांवर बुरशी चढते आहे. मऊ कापडाने ती पुसत जा. आणि मित्रांनो, एखाद्याला खरेच येते का, अशी शंका आली तर जरूर घ्या, मीही घेतो. फक्त तो कोणत्या भाषेत बोलतो यावरून निकाल देऊ नका. आधी वाका, एक डोळा मिटा आणि काचेवर काय आहे ते पाहा.