आपणहून बाद

“खेळ माणसाला सत्य शिकवतो, आणि सत्यातूनच नेता जन्माला येतो!” डहाणूच्या कॉलेजच्या सभागृहात क्रीडाविभागाचे नवीनसर गरजले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतली हर्षदा मात्र दात आवळून बसली होती. सकाळीच याच सरांनी तिला मुलींच्या कबड्डी संघाच्या कप्तानपदावरून काढलं होतं. गुन्हा म्हणाल तर, ती खरी वागली होती.

झालं होतं असं. तलासरीच्या अंतिम सामन्यात चढाईला आलेल्या पोरीचं बोट हर्षदाच्या टाचेला निसटतं लागलं. पंचांना दिसलं नाही. खुद्द त्या पोरीलाही कळलं नाही. पण हर्षदा पडली गंजाड गावची. तिथे भात कापलेल्या शेतात सामने होतात आणि पंच म्हणजे कुणाचा तरी मामा असतो, त्यामुळे त्याच्यावर कुणी विसंबत नाही. ज्याला हात लागला तो आपणहून बाहेर जातो. न जाणाऱ्याला पुढच्या डावात कुणी घेत नाही. हर्षदा सवयीने हात वर करून बाहेर गेली, आणि एका गुणाने कप हुकला.

“अगं, पंच कशाला ठेवलेत?” सर सकाळी खेकसले होते. “तू कप्तान आहेस की साक्षीदार? ती योगिता बघ. धडधडीत बाद झाली तरी पंचांशी भांडते. याला म्हणतात नेतृत्व! आजपासून तीच कप्तान.”

आता भाषण संपवून सरांनी विचारलं, “कुणाला काही प्रश्न?”

हर्षदा उठली. “सर, सत्य कप जिंकल्यावर शिकायचं की आधी?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“विषयाला धरून बोल.”

“विषयच धरलाय! खरी वागले म्हणून मला काढलंत, आणि माझ्याच तोंडावर सत्याच्या टाळ्या घेताय? त्यापेक्षा आमच्या गावचा पंच मामा परवडला. त्याला दिसत नाही, हे तो कबूल तरी करतो!”

तेवढ्यात योगिता उभी राहिली. ही सरांचीच बाजू घेणार, असं हर्षदाला वाटलं.

“मला नाय पायजे कप्तानी,” योगिता म्हणाली. “भांडायचंच तर आज तुमच्याशी भांडते!”

अख्खा संघ उठला आणि दाराकडे निघाला. सर व्यासपीठावरून धावत खाली आले. हर्षदा थांबली. माफी मागितली तरी द्यायची नाही, हे तिने मनात पक्कं केलं होतं.

सरांनी आवाज खाली आणला. “जाताय तर जा गं. फक्त आधी संघाचा एक फोटो होऊ दे. अहवालाला लागतो.”